जुन्या मोटारीचा सौदा फसला तर

मध्यमवर्गीय कुटुंबात घराच्या खालोखाल मोठी खरेदी कोणती असेल तर ती मोटारीची. नवी गाडी परवडत नाही म्हणून जुनी घ्यावी, आणि तीही व्यापाऱ्याकडून न घेता ओळखीच्या किंवा जाहिरात देणाऱ्या खाजगी मालकाकडून घ्यावी, म्हणजे मधल्या माणसाची दलाली वाचते, असा हिशेब अनेक घरांतून केला जातो. पुष्कळदा तो बरोबरही ठरतो. परंतु कधीकधी पैसे मोजून गाडी दारात आल्यावर आठवडाभरातच मिस्त्री सांगतो की, मीटर मागे फिरवलेला आहे, पुढचा सांगाडा अपघातानंतर वाकवून सरळ केलेला आहे, किंवा गाडी पुराच्या पाण्यात बुडालेली आहे. अशा वेळी घरातली माणसे दोन टोकांना जातात. कोणी म्हणते, ‘घेतली ती घेतली, आता नशिबाला दोष द्यावा.’ कोणी म्हणते, ‘उद्याच पोलिसांत जाऊन त्याला तुरुंगात घालू.’ कायद्याची वाट या दोहोंच्या मधून जाते. ती वेळीच माहीत असली तर बुडालेल्या पैशांपैकी बरेच परत मिळण्याची आशा असते.

प्रथम कायद्याचे कडू सत्य समजून घेतले पाहिजे. आपल्याकडे मालाच्या खरेदीविक्रीचे नियम १९३० च्या मालविक्री कायद्यात आहेत. ‘खरेदी करणाऱ्याने स्वतः सावध राहावे’ हे जुने तत्त्व त्या कायद्याच्या कलम १६ मध्ये अजून टिकून आहे. माल चांगल्या प्रतीचा असेल किंवा अमुक कामाला योग्य असेल, अशी न बोललेली हमी कायदा विक्रेत्यावर सामान्यतः लादत नाही. अशी हमी लादण्याचे जे मुख्य अपवाद आहेत, ते त्या प्रकारच्या मालाचा व्यापार करणाऱ्यांना लागू होतात. स्वतःच्या वापरातली एकुलती एक गाडी विकणारा शिक्षक, कारकून किंवा डॉक्टर हा मोटारींचा व्यापारी नव्हे. त्यामुळे त्याने काहीच सांगितले नसेल, आणि घेणाऱ्यानेही काही विचारले नसेल, तर पुढे क्लच जळाला किंवा गिअरबॉक्स बिघडला म्हणून त्याच्याकडे बोट दाखवता येत नाही.

हे तत्त्व १८७२ च्या भारतीय करार कायद्यात घोड्याच्या उदाहरणाने स्पष्ट केलेले आहे. एका माणसाला आपला घोडा सदोष असल्याचे माहीत आहे. तो लिलावात घोडा विकतो आणि काहीच बोलत नाही. कायदा म्हणतो, हे कपट नव्हे. मात्र घोडा घेणारी त्याची नुकतीच वयात आलेली मुलगी असेल, तर नात्यामुळेच दोष सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. आणि घेणारा जर म्हणाला, ‘तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन,’ आणि विक्रेता गप्प राहिला, तर त्याचे ते मौन बोलण्यासारखेच धरले जाते. घोड्याच्या जागी मोटार आली, तरी या उदाहरणाचा अर्थ बदललेला नाही. खरेदीदाराने विचारलेला एक नेमका प्रश्न विक्रेत्याच्या मौनाचेही स्वरूप पालटतो.

येथूनच कायद्याचा आधार सुरू होतो. न बोलणाऱ्या खाजगी विक्रेत्याला कायदा फारसे धरत नाही. परंतु जो बोलला आणि खोटे बोलला, त्याला तो सोडत नाही. करार कायद्याचे कलम १७ कपटाविषयी आहे. आपण सांगतो ते खरे नाही हे ठाऊक असून, समोरच्याला फसविण्यासाठी ते सांगणे, किंवा माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकून ठेवणे, म्हणजे कपट. कलम १८ चुकीच्या कथनाविषयी आहे. विक्रेत्याला ते प्रामाणिकपणे खरे वाटत असेल, तरी पुरेशा आधाराशिवाय त्याने ते ठामपणे सांगितले आणि ते खोटे निघाले, तर ते या कलमाखाली येते. दोन्ही प्रकारांत कलम १९ अन्वये फसलेल्या पक्षाला करार रद्द करता येतो. शिवाय मालविक्री कायद्याचे कलम १५ सांगते की, वर्णनावरून माल विकला असेल तर तो त्या वर्णनाशी जुळलाच पाहिजे. ही शर्त खाजगी विक्रेत्यालाही बांधून ठेवते. ‘२०१९ चे मॉडेल’ म्हणून विकलेली गाडी २०१६ ची निघाली, तर हीच शर्त मोडलेली असते.

अर्थात् प्रत्येक शब्द कायद्याच्या तराजूत सारखा भरत नाही. ‘गाडी एकदम झकास आहे’, ‘अशी गाडी पुन्हा मिळणार नाही’, ही विक्रेत्याची स्तुती झाली. तिच्यावर दावा उभा राहत नाही. ‘गाडी ४०,००० किलोमीटर चाललेली आहे’, ‘एकदाही ठोकलेली नाही’, ‘बँकेचे कर्ज फिटलेले आहे’, ही मात्र तपासून पाहता येण्याजोगी विधाने आहेत. खोटी ठरल्यास ती दाव्याचा पाया होतात.

एक काल्पनिक उदाहरण घेतले म्हणजे पुढचे सारे समजण्यास सोपे जाईल. समजा, बेळगावच्या एका गृहस्थांनी कोल्हापूरच्या एका मालकाकडून चार लाख रुपयांना जुनी मोटार घेतली. मालकाने जाहिरातीत ‘एकहाती, ४०,००० किलोमीटर, अपघात नाही’ असे लिहिले होते. गृहस्थांनी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जुनी नोंद काढली, तेव्हा दोन वर्षांपूर्वीच गाडीने ९०,००० किलोमीटरचा टप्पा ओलांडल्याचे दिसले. अशा गाडीची बाजारातील किंमत पावणेतीन लाखांवर जात नाही.

या गृहस्थांपुढे दोन मार्ग आहेत. पहिला, सौदा रद्द करून गाडी परत द्यावी आणि चार लाख रुपये व झालेला वाजवी खर्च मागावा. दुसरा, गाडी ठेवून घ्यावी आणि ती सांगितल्याप्रमाणे असती तर जी किंमत आली असती ती, आणि तिची प्रत्यक्षातली किंमत, यांतील फरक, म्हणजे येथे सव्वा लाख रुपये, नुकसानभरपाई म्हणून मागावा. गाडी मूळची बरी असेल आणि गरज तातडीची असेल, तर दुसरा मार्ग व्यवहार्य ठरतो. सांगाडाच वाकलेला असेल किंवा गाडी चालवणेच धोक्याचे असेल, तर पहिला मार्ग शहाणपणाचा.

पहिला मार्ग मात्र फार काळ उघडा राहत नाही. दोष कळल्यानंतरही खरेदीदार महिनोन्महिने गाडी वापरीत राहिला, तिला नवे सीट-कव्हर आणि टेप बसविला, किंवा ती दुसऱ्याला विकली, तर त्याने सौदा मान्य केला असे धरले जाते. मग हाती केवळ भरपाईचा हक्क उरतो. मालविक्री कायद्यातही, वाजवी मुदतीत नकार न कळविता माल ठेवून घेणे म्हणजे तो स्वीकारणे, असेच म्हटले आहे. म्हणून दोष उमगताच गाडी शक्यतो उभी करावी आणि नकार लेखी कळवावा. नकार हक्काचा असेल, तर गाडी स्वतः विक्रेत्याच्या दारात नेऊन सोडण्याची सक्ती खरेदीदारावर नसते. नकार कळविणे पुरेसे होते.

विक्रेत्याकडून एक बचाव हमखास येतो : ‘तुम्ही मिस्त्री आणून तपासून घेतली होती, मग आता तक्रार कसली?’ या बचावात थोडे तथ्य आहे. साधी दक्षता घेतली असती तर सत्य कळले असते, अशी स्थिती असेल, तर अजाणतेपणी केलेल्या चुकीच्या कथनावरून किंवा निव्वळ मौनावरून करार रद्द होत नाही, असे कलम १९ च्या अपवादात आहे. पण जाणूनबुजून उच्चारलेल्या असत्याला हा अपवाद लागू नाही. मीटर मागे फिरवून ‘४०,००० किलोमीटर’ असे लिहिणाऱ्याला, ‘तुम्ही माझे खोटे पकडायला हवे होते,’ असे म्हणण्याचा अधिकार नाही. तीच गोष्ट ‘गाडी जशी आहे तशी विकली’ या पावतीवरील वाक्याची. त्या वाक्याने सामान्य झिजेबद्दलची कुरकुर बंद होते. कपट मात्र त्याखाली झाकले जात नाही.

पुराच्या गाड्यांचा प्रश्न यात विशेष जपून पाहावा लागतो. २०१९ आणि २०२१ मध्ये सांगली-कोल्हापूर भागात, २०२० मध्ये हैदराबादेत आणि २०२४ मध्ये बडोद्यात मोठे पूर आले. बुडालेली गाडी धुऊन पुसून, गाद्या बदलून, दूरच्या गावी विकली की वरवर काही दिसत नाही. वीजवाहिन्यांचा गंज काही महिन्यांनी डोके वर काढतो. अशा गाडीवर पूर्वी विम्याचा मोठा दावा झालेला असू शकतो. गाडी ‘कधी पाण्यात गेली होती का?’ हा प्रश्न लेखी विचारून त्याचे लेखी उत्तर घेणे, हा यावरील साधा उपाय आहे.

मालकीचा दोष याहून गंभीर. विक्रेत्याला गाडी विकण्याचा हक्क आहे, ही शर्त मालविक्री कायद्याच्या कलम १४ अन्वये प्रत्येक विक्रीत, खाजगी विक्रीतही, गृहीत धरलेली असते. गाडी चोरीची निघाली, तर खरेदीदार कितीही प्रामाणिक असला तरी तिचा मालक होत नाही. पोलीस गाडी ताब्यात घेतात, आणि खरेदीदाराला विक्रेत्याकडून किंमत परत मागावी लागते. गाडीवर बँकेचे कर्ज असेल, तर तो बोजा आर.सी. बुकात नोंदलेला असतो. बँकेचा फेड-दाखला आणून परिवहन कार्यालयातून ती नोंद काढून घेतल्याशिवाय नाव बदलण्याचे काम अडते. केवळ ‘कर्ज फिटले आहे’ या तोंडी आश्वासनावर पूर्ण पैसे मोजणे म्हणजे संकटाला आमंत्रण.

दोष उघडकीस आल्यावर पहिल्या आठवड्यात काय करावे? मूळ जाहिरात, मोबाइलवरील संदेश, विसाराची आणि पैशांची पावती, बँकेतून पैसे गेल्याची नोंद, सारे जपून ठेवावे. संदेश पुसून टाकू नयेत आणि तो मोबाइलही लगेच बदलू नये. कारण अशा नोंदी न्यायालयात मांडताना, २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाप्रमाणे, त्यांसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून गाडीचा जुना इतिहास मागवावा. एखाद्या जाणत्या, त्रयस्थ मिस्त्रीकडून किंवा सर्वेक्षकाकडून तपासणी करून सहीशिक्क्याचा अहवाल घ्यावा. दुरुस्ती त्यापूर्वी करू नये. केल्यास पुरावाच नाहीसा होतो. त्यानंतर विक्रेत्याला नोटीस पाठवावी. कोणते विधान केले होते, ते खोटे कसे ठरले, सौदा रद्द करावयाचा आहे की भरपाई हवी आहे, किती रक्कम आणि किती दिवसांत, एवढे तीत स्पष्ट असावे. ती पोच मिळेल अशा रीतीने टपालाने धाडावी आणि प्रत ठेवावी. कित्येक वाद अशा एका नेमक्या नोटिशीनेच मिटतात, कारण खोटे लेखी सापडले आहे हे विक्रेत्याला त्यातून कळते.

नोटिशीने काम झाले नाही, तर कोणते दार ठोठवावे, हा प्रश्न येतो. पुष्कळांच्या मनात पहिले नाव येते ते ग्राहक आयोगाचे. परंतु २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा व्यापारी आणि ग्राहक यांच्यामधील संबंधाचा आहे. आपली स्वतःची गाडी एकदाच विकणारा मनुष्य सामान्यतः त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही. म्हणून विक्रेता खरोखर कोण आहे, हे प्रथम शोधावे. काही दलाल ‘घरची गाडी आहे’ असे सांगून एकामागून एक गाड्या विकत असतात. आर.सी. बुकावर भलत्याचेच नाव, त्याच मोबाइल क्रमांकावर इतर चार गाड्यांच्या जाहिराती, पैसे तिसऱ्याच्या खात्यात, अशी चिन्हे दिसली तर तो खाजगी विक्रेत्याच्या वेषातील व्यापारी असण्याचा संभव आहे. हे सिद्ध झाले तर ग्राहक आयोगाचा मार्ग मोकळा होतो. पन्नास लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. जुन्या गाड्यांचा व्यापार करणाऱ्यांनी परिवहन खात्याचा परवाना घ्यावा, असा नियमही १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेला आहे.

विक्रेता खरोखरच खाजगी असेल, तर हक्काची जागा म्हणजे दिवाणी न्यायालय. तेथे करार रद्द करून पैसे परत मिळण्याचा किंवा भरपाईचा दावा लावता येतो. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे अशा दाव्याला साधारणपणे तीन वर्षांची मुदत आहे, आणि कपट झाले असेल तर ते उघडकीस आल्यापासून ती मोजली जाते. न्यायालय-शुल्क राज्याराज्यांत निराळे असते. रक्कम लहान असेल, तर दाव्यापूर्वीच तालुका किंवा जिल्हा विधी सेवा समितीकडे अर्ज करून प्रकरण लोकअदालतीत नेता येते. तेथे तडजोड झाली तर तो निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो आणि त्यावर अपील नसते. स्त्रिया, अनुसूचित जातिजमातींच्या व्यक्ती आणि ठरावीक उत्पन्नमर्यादेखालील नागरिक यांना वकीलही विनामूल्य मिळू शकतो.

पोलिसांचा मार्ग याहून वेगळा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३१८ मध्ये फसवणुकीचा गुन्हा येतो, आणि फसवून मालमत्ता देण्यास भाग पाडल्यास सात वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो. तथापि प्रत्येक मोडलेला करार हा गुन्हा नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. सौद्याच्या वेळीच फसविण्याचा हेतू होता, हे दिसले पाहिजे. मागे फिरवलेला मीटर, बनावट आर.सी. बुक, घासून बदललेला चॅसिस नंबर, यांतून असा हेतू दिसतो. ‘इंजिन तेल जास्त खाते’ एवढ्यावरून तो दिसत नाही. ठाण्यात तक्रार नोंदवून घेतली नाही, तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाण्याची सोय आहे. फौजदारी तक्रारीने गुन्हेगाराला शिक्षा होते. पैसे तिने आपोआप परत मिळत नाहीत. त्यासाठीची दिवाणी मुदत मात्र सरत असते, हे विसरू नये.

सीमाभागात आणि महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक गुंता असतो, तो दोन राज्यांचा. गाडी कोल्हापूरची आणि खरेदीदार बेळगावचा, किंवा गाडी बडोद्याची आणि खरेदीदार इंदूरचा, असे असल्यास दावा कोठे लावावा? दिवाणी कायद्याप्रमाणे प्रतिवादी जेथे राहतो तेथे, किंवा दाव्याचे कारण पूर्णतः वा अंशतः जेथे घडले तेथे दावा चालतो. खोटे वर्णन ज्या गावी पोहोचले, गाडी ज्या गावी हवाली झाली, पैसे जेथे दिले, यांवर ते ठरू शकते. म्हणून गाडी आपल्या गावी हवाली झाल्याचा कागद उपयोगी पडतो.

कागदपत्रांचीही तीच गोष्ट. परराज्यातील गाडीला मूळच्या परिवहन कार्यालयाचा ना हरकत दाखला, म्हणजे नमुना २८, लागतो. शिवाय मालकी बदलण्यासाठी नमुना २९ आणि ३० यांवर सह्या लागतात. बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ दुसऱ्या राज्यात गाडी ठेवली तर तेथला नवा क्रमांक घ्यावा लागतो, आणि त्या राज्याचा करही भरावा लागतो. हा कर जमेस धरला तर ‘शेजारच्या राज्यात स्वस्त मिळाली’ हा आनंद पुष्कळदा मावळतो. नाव बदलण्यात विक्रेत्याचेही हित आहे. अपघात झाल्यास, नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच मालक धरला जातो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिलेला आहे. टाळाटाळ करणाऱ्या विक्रेत्याला वाटाघाटीत ही गोष्ट शांतपणे सांगण्यासारखी आहे.

फसलेल्या माणसाला एक मोह हमखास होतो. ‘आपण जशी घेतली तशीच दुसऱ्याच्या गळ्यात मारू,’ असे तो म्हणतो, आणि तेच ‘४०,००० किलोमीटर’ पुन्हा जाहिरातीत लिहितो. असे करताना तो आपला मूळ हक्क तर गमावतोच; शिवाय आता सत्य ठाऊक असल्यामुळे पहिल्या विक्रेत्याच्याच जागी स्वतः जाऊन बसतो. नवा खरेदीदार न्यायालयात गेला तर ‘मलाही असेच सांगितले होते’ हे उत्तर त्याला वाचवीत नाही. दोष उघड सांगून, कमी किमतीत गाडी विकण्यास मात्र कायद्याची हरकत नाही. तसा विचार असेल तर भरपाईचा पुरावा आधी पक्का करून ठेवावा.

या सर्वांतून एकच व्यावहारिक धडा निघतो. खाजगी सौद्यात कायदा विक्रेत्याच्या शब्दाला धरून चालतो, तेव्हा तो शब्द कागदावर आणणे हे खरेदीदाराचे पहिले काम. एका साध्या कागदावर गाडीचा क्रमांक, इंजिन व चॅसिस क्रमांक, मीटरवरील आकडा, ‘हा आकडा खरा आहे, गाडीला मोठा अपघात झालेला नाही, ती पाण्यात बुडालेली नाही, तिच्यावर कर्ज नाही’ अशी चार विधाने, किंमत, तारीख आणि दोघांच्या सह्या एवढे पुरेसे आहे. पैसे रोख न देता बँकेमार्फत द्यावेत. सरकारच्या परिवहन संकेतस्थळावर नोंदणी, विमा व कर्जबोजा पाहता येतो, आणि गाडी चोरीची म्हणून नोंदलेली आहे काय, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या सेवेतून तपासता येते. प्रामाणिक विक्रेत्याला त्या चार ओळींवर सही करण्यात अडचण वाटण्याचे कारण नाही. जो सही करण्यास कचरतो, त्याच्या गाडीचा सौदा तेथेच थांबवावा; तेवढ्याने पुढची सारी कोर्टकचेरी वाचते.